तीन नंबरची रांग: पार्ल्यातल्या एका इमारतीचे निदान

(सोसायटीचे नाव व फ्लॅट नंबर बदलले आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

विले पार्ले पूर्वेची ही इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची. मजल्यावर चार याप्रमाणे वीस बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. लोक राहायला आले १९८४ साली. म्हणजे बांधकाम सिमेंटच्या टंचाईच्या दिवसांतले. सिमेंटवरचे नियंत्रण १९८२ मध्ये थोडेसे सैल झाले, पुरते उठायला १९८९ उजाडले. त्या काळातल्या इमारतीत एम-१५ (चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन ताकदीचे) काँक्रीट आणि टॉरच्या, म्हणजे थंड पीळ दिलेल्या सळया सापडणार हे धरूनच मी इंजिनिअर म्हणून जिना चढतो. इथेही तेच होते.

२००६ साली सोसायटीने ‘मोठी दुरुस्ती’ केली होती. फाइल उघडली तर त्यात बाहेरचे प्लास्टर, रंग आणि जिथे छताचे पोपडे पडले होते तिथे सिमेंट-रेतीचा लेप, एवढेच. आतल्या गंजलेल्या सळयांना कोणी हात लावला नव्हता.

पुनर्विकासासाठी दोन बिल्डर येऊन गेले होते. पार्ल्याचा हा भाग विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली येतो. उंचीला मर्यादा असल्यामुळे जेवढे मजले विकायला हवेत तेवढे चढत नाहीत आणि बिल्डरचे गणित जमत नाही. दोघेही चहा पिऊन गेले, परत फिरकले नाहीत. तरीही निम्म्या सभासदांच्या मनात तिसरा येईल ही आशा होती. पुढचे बरेचसे रामायण त्या आशेतून घडले.

अडचण

जुलै २०२२ मध्ये एका रात्री २०३ नंबरच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा हातभर लांबीचा पोपडा थेट ओट्यावर पडला. मिक्सर फुटला, माणूस वाचला. वर पाहिले तर तीन सळया उघड्या, तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या.

सोसायटीच्या कपाटात त्याआधीच दोन स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल पडून होते. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे ऑडिट करावेच लागते, त्यामुळे पहिला अहवाल मागवला होता. त्यात इमारत सी-१ ठरली, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. तो आवडला नाही म्हणून दुसऱ्या गटाने दुसरा इंजिनिअर आणला. त्याने सी-३, म्हणजे किरकोळ दुरुस्ती, असा निकाल दिला.

एकच इमारत, मधले अंतर पाच महिने, आणि निष्कर्ष दोन टोकांचे.

चेअरमननी मला फोन केला तेव्हा म्हणाले, “साहेब, तिसरं मत द्या, म्हणजे दोन विरुद्ध एक होईल.” मी सांगितले की मत मोजायला आलो तर निवडणूक अधिकारी होईन, इंजिनिअर राहणार नाही. शिवाय सी-१ म्हणणारा कागद कपाटात ठेवून काम सुरू करायला मी तयार नव्हतो. अहवाल परस्परविरोधी असले की ते पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. दोन्ही अहवाल वॉर्ड ऑफिसला द्या, मगच मी हातोडी उचलतो, ही पहिली अट. यावर कमिटीत आठ-दहा दिवस खल झाला. शेवटी सेक्रेटरी ताईंनी स्वतःच्या सहीने दोन्ही अहवाल दाखल केले. समितीने जादा चाचण्या मागवल्या आणि त्या माझ्याकडे आल्या.

दोन अहवाल असे का निघाले

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण कोणी पैसे खाल्ले असतील अशी कुजबुज दोन्ही बाजूंनी होती. मला तसे दिसले नाही. दोघांनी खरीच यंत्रे वापरली होती आणि आकडेही खरेच लिहिले होते.

पहिल्या अहवालाचा आधार अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी. काँक्रीटमधून ध्वनितरंग किती वेगाने जातो ते यात मोजतात. साडेतीन किलोमीटर प्रति सेकंदाच्या वर असला तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली असला तर शंकास्पद. इथे सरासरी २.४ आली होती. पण परिशिष्टातले फोटो नीट पाहिले तर दोन्ही प्रोब स्लॅबच्या एकाच अंगाला, शेजारी शेजारी टेकवलेले. प्लास्टर काढलेले नाही. मी त्याच जागांवर हातोडीची मूठ टेकवत गेलो. बहुतेक ठिकाणी प्लास्टर पोकळ, भोपळ्यासारखे वाजत होते. त्या २.४ मध्ये काँक्रीट किती आणि प्लास्टरमागची हवा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या अहवालाचा आधार रिबाउंड हॅमर. पृष्ठभागावर दांडा आपटून तो किती उसळतो ते पाहायचे. आकडे ३६, ३८ असे छान होते. इथे प्लास्टर काढलेले होते, पण पृष्ठभाग घासलेला नव्हता आणि काँक्रीट अडतीस वर्षांचे होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या चुन्याशी मिळून वरचा थर कडक करतो, यालाच कार्बोनेशन म्हणतात. अशा थरावर हॅमर ताकद फुगवून सांगतो. भारतीय मानकातच लिहिले आहे की हा फुगवटा टोकाच्या परिस्थितीत ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि एरवीही या पद्धतीचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे धरावा. शिळ्या भाकरीचा पापुद्रा कडक लागला म्हणून आतली भाकरी ताजी ठरत नाही.

एकाचे यंत्र बिघाड फुगवून सांगत होते, दुसऱ्याचे झाकून. आणि दोघांनीही सगळ्या इमारतीची मिळून एक सरासरी काढली होती. खरी गफलत या सरासरीत होती.

निदान

मी यंत्र बाहेर काढायच्या आधी एक कागद काढला. प्रत्येक मजल्याचा नकाशा एकाखाली एक चिकटवला आणि घरोघर फिरून रंगीत पेन्सिलींनी खुणा केल्या. ओल निळी, तडा लाल, पोकळ आवाज पिवळा, उघडी सळई काळी. वीसपैकी चौदा घरे मिळाली. चार घरांत फॉल्स सीलिंग होते, दोन बंद होती.

दोन दिवसांनी कागद भिंतीवर लावला तेव्हा सेक्रेटरी ताईच आधी बोलल्या. “अहो, हे सगळं तीन नंबरलाच आहे की!”

तसेच होते. नंबरच्या शेवटी तीन असलेली घरे एकाखाली एक येतात. निळे, लाल आणि काळे जवळजवळ सगळे त्या उभ्या पट्ट्यात. बाकी इमारतीत पिवळ्या खुणा विखुरलेल्या, म्हणजे प्लास्टर सुटलेले, पण सळई बहुतेक शाबूत.

यानंतर चाचण्यांची जागा ठरवणे सोपे झाले. सरसकट मोजायचे नाही. कोरडी बाजू आणि तीन नंबरची रांग यांची तुलना करायची.

फिनॉल्फ्थॅलिन फवारले. काँक्रीट अजून क्षारयुक्त असेल तर ते गुलाबी होते, कार्बोनेशन झाले असेल तर रंग येत नाही. रंग न येणारा थर दोन्ही बाजूंना १८ ते २५ मिलिमीटर निघाला. सळईवरचे आवरण स्लॅबमध्ये १५ मिलिमीटर असायला हवे होते, प्रत्यक्षात काही ठिकाणी दहाच. थोडक्यात, सळईला गंजापासून जपणारा क्षाराचा वेढा सगळ्या इमारतीत संपलेला होता. मग कोरड्या बाजूच्या सळया का टिकल्या?

हाफ-सेलने उत्तर दिले. तांबे आणि मोरचूद यांच्या इलेक्ट्रोडने सळईचा विद्युत विभव मोजतात. उणे २०० मिलिव्होल्टपर्यंत गंज बहुधा नाही, उणे ३५० च्या पलीकडे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, मधला पट्टा संदिग्ध. कोरड्या बाजूला उणे १२० ते उणे १९०. तीन नंबरच्या रांगेत उणे ३८० ते उणे ४६०.

कार्बोनेशन सगळीकडे होते, गंज मात्र जिथे पाणी होते तिथेच. क्षार गेला तरी ओलाव्याशिवाय गंज फारसा पुढे सरकत नाही. गच्चीवरच्या गप्पांत ‘जुहूची खारी हवा’ आणि ‘बिल्डरने खाडीची रेती वापरली’ हे दोन आरोपी ठरलेलेच असतात. म्हणून क्लोराइडही तपासले. चारही नमुने घनमीटरला ०.६ किलोच्या मर्यादेखाली आले. समुद्र निर्दोष सुटला.

कोरड्या भागातून पाच कोअर, म्हणजे भोक पाडून काँक्रीटचे गोल नमुने काढले. ताकद चौरस मिलिमीटरला सरासरी १४.९ न्यूटन, सर्वात कमी १३.६. एम-१५ साठी कोअरची सरासरी ८५ टक्के, म्हणजे १२.७५ असली तरी चालते. ही कसोटी मुळात नव्या कामासाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून पुरते. काँक्रीट साधारण, पण पाडण्यासारखे नक्कीच नाही.

उरला प्रश्न पाण्याचा. ते येत होते कुठून?

४०३ ने कधीकाळी बाल्कनीत सिंक हलवले होते आणि त्याचा पाइप डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, जुन्या बीडाच्या पाइपला आडवा जोडला होता. डक्टचे तळातले दार २००६ च्या रंगकामात प्लास्टरखाली गेले होते, म्हणजे सोळा वर्षे आत कोणी डोकावले नव्हते. मी काठीला मोबाइल बांधून वरून सोडला. पहिल्या मजल्याच्या उंचीवर पाइपचा सांधा फुटलेला, त्यातून सांडपाणी भिंतीवर, आणि तिथेच मनगटाएवढा पिंपळ. मुळे बीमच्या तड्यात.

३०३ च्या बाथरूमचा मामला नाजूक होता. काकांनी २०१५ मध्ये लाखो रुपये घालून नवे टाइल्स बसवले होते आणि त्याखाली पाणी मुरते हे त्यांना मान्यच नव्हते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याच परवानगीने नहाणीचे तोंड बंद केले, दोन इंच पाणी भरले आणि त्यात कपड्यांची नीळ घातली. सहा तासांत २०३ च्या छताला निळा डाग उमटला. काका खाली येऊन पाच मिनिटे तो डाग पाहत राहिले. नंतर एवढेच म्हणाले, “टाइलवाल्याने तर गॅरंटी दिली होती.”

कपाटामागचा खांब

इथे माझी चूक आहे.

डक्टला लागून एक खांब तळमजल्यावरच्या ३ नंबरच्या आतल्या खोलीत उतरतो. पाइप वर फुटला असेल तर पाणी शेवटी याच खांबावर येणार, हे नकाशा भिंतीवर लावला त्या दिवशीच कळायला हवे होते. खरे तर कळले होते. पण खांबापुढे सागवानी कपाट, कपाटाला टेकून मखराची तयारी. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, ३१ तारखेला गणपती. आजी म्हणाल्या, “अहो, दीड दिवसाचे आहेत माझे. ते गेले की कपाट काय, भिंत हलवा.” मी हो म्हणालो.

कपाट हलले ३ सप्टेंबरला. मागे प्लास्टर फुगलेले. हाताने ओढले तर पाटीभर निघाले. नऊ बाय अठरा इंचांचा खांब, कोपऱ्यातल्या दोन सळयांना समांतर उभे तडे, दोन जागी रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्या) तुटलेल्या. १६ मिलिमीटरची सळई घासून कॅलिपर लावला तर साडेबारा भरली. व्यासात फरक थोडा दिसतो, पण क्षेत्रफळ ३९ टक्के गेलेले असते.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा सगळी चर्चा तळमजल्यावरच्या फेरफारांची होती. ते माहीत असून मी तळमजल्यावरच्या न पाहिलेल्या खांबाला तीन आठवडे दिले. त्या घरात दीड दिवसात शंभरेक माणसे आरतीला येऊन गेली.

त्याच संध्याकाळी लोखंडी टेकू लावले. पहिल्या मजल्याखाली लावून भागत नाही. टेकूचा भार खालच्या जमिनीपर्यंत जायला हवा आणि वरच्या प्रत्येक मजल्याचा टेकू खालच्याच्या बरोबर डोक्यावर हवा. रात्री साडेअकराला चौथ्या मजल्यावरचा शेवटचा टेकू घट्ट झाला. त्या खांबातून कोअर काढायची सूचना कोणीतरी केली, ती मी मोडून काढली. आधीच अशक्त खांबाला भोक पाडून मिळणाऱ्या आकड्याचे करायचे काय?

पर्याय

विशेष सर्वसाधारण सभेत तीन रस्ते मांडले.

पहिला, वरवरची दुरुस्ती: गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पॅच, रंग. स्वस्त, आणि २००६ चीच पुनरावृत्ती. याला मी सही करणार नाही असे सांगितले.

दुसरा, इमारत रिकामी करून पुनर्विकास. कोअरच्या आकड्यांवर सी-१ टिकत नव्हते, पण पुनर्विकासासाठी इमारत धोकादायक असावीच लागते असे नाही. सभासदांचे बहुमत असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ च्या मार्गाने जाता येते. अडचण फनेलची होती. बिल्डर नसताना घर सोडणे म्हणजे भाड्याच्या खोलीत म्हातारपण काढणे. हे वाक्य माझे नाही, सभेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचे.

तिसरा, तीन नंबरची रांग तात्पुरती रिकामी करून खांब, बीम, बाथरूमचे खोलगट स्लॅब आणि पाइप यांचे पूर्ण काम. बाकी पंधरा घरे राहती. पालिकेच्या भाषेत सी-२ए.

पुनर्विकासवाल्यांचा आक्षेप रास्त होता: आज प्रत्येकी अडीच लाख घालायचे आणि सहा वर्षांनी इमारत पाडायची? मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. दुरुस्तीने आयुष्य वाढते, इमारत नवी होत नाही. पण बिल्डर येईपर्यंत उभे राहायला खांब लागतोच. मतदान चौदा विरुद्ध पाच झाले, एक गैरहजर. तांत्रिक समितीनेही पुढे सी-२ए च कायम केले.

काय केले

क्रम हाच निर्णय होता. ठेकेदाराला आधी सळया साफ करायच्या होत्या, कारण ते दिसते आणि बिल निघते. मी पाणी आधी बंद करायला लावले. डक्टचे दार फोडले, बीडाचा पाइप काढून नवा पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेला, ४०३ चे सिंक मूळ जागी आणले. पिंपळ नुसता कापून भागत नाही, मुळांसकट काढून तडा इपॉक्सीने भरला. यात पाच आठवडे गेले आणि तोवर ‘काम दिसत नाही’ अशा तक्रारी चालू होत्या.

मग खांब. पायापर्यंत खणून नव्या सळया पायात इपॉक्सीने रोवल्या. सैल काँक्रीट एका वेळी एकाच अंगाने काढले, चारही बाजूंनी कधीच नाही. नव्या रिंगा बांधल्या आणि चहूबाजूंनी १०० मिलिमीटर जाडीचे मायक्रोकाँक्रीटचे (बारीक खडीच्या काँक्रीटचे) जॅकेट ओतले. तसेच वर दुसऱ्या मजल्यापर्यंत. स्लॅबच्या सळयांमागचे काँक्रीट बोट जाईल एवढे उकरले, सळया तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासल्या, गंजरोधक लावला, जिथे जाडी जास्त गेली तिथे जोडसळई दिली आणि पॉलिमर मॉर्टरने भरले. १०३ आणि २०३ चे बाथरूमचे स्लॅब मात्र तोडून नव्याने टाकले. त्यात भरलेल्या विटांच्या तुकड्यांतून बादलीभर काळे पाणी निघाले.

३०३ च्या टाइल्स फुटल्या. घरातल्या नहाणीची गळती हा उपविधींप्रमाणे सभासदाचा खर्च, पण वॉटरप्रूफिंगचा निम्मा भार सोसायटीने उचलला. कायद्याने गरज नव्हती. काका नाही म्हणाले असते तर काम चार महिने अडले असते.

परिणाम

पाच कुटुंबे साडेपाच महिन्यांनी परतली. चारच महिने सांगितले होते. पॉलिमर मॉर्टरचे क्षेत्र अंदाजात १४० चौरस मीटर होते, ते २३० वर गेले. जादा मोजमाप निघाले ते मुख्यतः आधी न उघडलेल्या फॉल्स सीलिंगच्या वर आणि बंद असलेल्या दोन घरांत. खर्च फ्लॅटमागे अडीच लाखांवरून साडेतीनच्या आसपास गेला. त्या सभेत मी जे ऐकले ते इथे लिहीत नाही.

दोन पावसाळ्यांनंतर तीन नंबरची रांग कोरडी आहे. तडा हलला की फुटाव्यात म्हणून तड्यांवर चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्यांपैकी एकही फुटलेली नाही. हाफ-सेल पुन्हा लावला तर दुरुस्ती न केलेल्या लगतच्या भागात उणे २१० ते उणे २६०, म्हणजे संदिग्ध पट्ट्यात. गंज मंदावला आहे, थांबला असे मी लिहून दिलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

खांबाचे वर आलेच आहे. आता माझ्या पहिल्या भेटीच्या पत्रात ओळ असते: तळमजल्यावरचा प्रत्येक खांब किमान एका अंगाने उघडा दिसेपर्यंत पुढची चाचणी नाही. सणवार असला तर कपाट हलवायला माणसे मी आणीन.

अंदाजपत्रकात मी १४० असा एकच आकडा दिला, हीही चूक. सहा घरांची छते न पाहता दिलेला आकडा म्हणजे नुसता तर्क. ‘१४० ते २५०, छते उघडल्यावर नक्की’ असे लिहिले असते तर सभेत दुरुस्तीला चौदा मते पडली असती का, सांगता येत नाही. कदाचित दहा पडली असती. पण ती दहा खरी असती.

आणि सोसायटीकडे कोणत्या घरात कोणते बदल केव्हा झाले याची नोंदवही नव्हती. ४०३ चे सिंक कधी हलले ते आजही कोणाला नक्की आठवत नाही. कुणी १९९६ म्हणतो, कुणी मुलीच्या लग्नाच्या वर्षी. सेक्रेटरी ताईंनी आता वही घातली आहे. वीसपैकी अकरा घरांनी लिहून दिले, नऊ बाकी आहेत, आणि त्यात फॉल्स सीलिंगवाली चारही घरे आहेत.